लेखांच्या पानांची नवी मांडणी: सुरुवात कुठून करावी आणि जुन्या लेखांचं काय?

मधलारकाना

व्यावसायिक संपर्कांच्या साइटवर सभासद जे लेख लिहितात, त्या पानांची मांडणी नव्याने करायची आहे. सध्याची अवस्था अशी आहे:

मजकुराचा रकाना ८६० पिक्सेल रुंद, अक्षर १५ पिक्सेलचं, लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या पटीत) १.४. उजवीकडे ३०० पिक्सेलचा साइडबार, त्यात ओळखीच्या लोकांच्या सूचना, नोकऱ्या आणि गट. सगळ्यात वर लेखकाचं कार्ड: मोठा फोटो, पद, कंपनी, 'फॉलो करा' आणि 'संपर्क जोडा' अशी दोन बटणं. त्याखाली मुख्य चित्र, मग शीर्षक. मोबाइलवर स्क्रोल केल्याशिवाय शीर्षक दिसतच नाही. लेख इंग्रजी, मराठी आणि हिंदी असे मिश्र आहेत. जुने लेख तीन वेगवेगळ्या एडिटरांतून (लेख लिहिण्याच्या साधनांतून) आलेले, म्हणून एचटीएमएलही (पानाच्या मूळ खुणाही) तीन तऱ्हांचं.

डिझाइनचा आराखडा तयार आहे, पण तो एकाच नीटनेटक्या लेखावर बेतलाय. प्रश्न चार:

१. लेखकाचं कार्ड वर ठेवावं की लेखाच्या शेवटी?
२. साइडबार काढला तर शिफारशी कुठे न्यायच्या?
३. जुने लेख नव्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) कसे बसवायचे?
४. लेखांचे पत्ते सध्या नुसत्या क्रमांकाचे आहेत. ते शीर्षकावरून करायचे आहेत. हे याच वेळी उरकावं का?

---

पानसजावट

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

आराखडा बाजूला ठेवा आणि डेटाबेसमधून ५० ते ६० लेख काढा. सरसकट यादृच्छिक नकोत, मुद्दाम निवडलेले हवेत: प्रत्येक एडिटरमधले दहा तरी, सर्वांत लांब पाच, सर्वांत छोटे पाच, एकही चित्र नसलेले, वीस चित्रं असलेले, तक्ते असलेले, कोड असलेले, बाहेरचा व्हिडिओ जोडलेले, शीर्षक शंभर अक्षरांपुढे गेलेले, लेखकाने फोटोच न लावलेले. हे सगळे नव्या टेम्प्लेटमध्ये ३२० पिक्सेल रुंदीवर आणि १२८० वर उघडून पाहा. आराखडा कुठे फाटतो ते एका दिवसात कळेल.

जुन्या एचटीएमएलमध्ये हमखास सापडणाऱ्या गोष्टी:

मजकुराच्या आत एच-वन (सर्वांत वरच्या पातळीच्या मथळ्याची खूण). पानाचं शीर्षक आधीच एच-वन असतं, त्यामुळे आतले सगळे मथळे एक पायरी खाली उतरवा. फक्त एच-वनचं एच-टू केलं आणि बाकी तसंच ठेवलं, तर दोन पातळ्या एकमेकींत मिसळतात.

रिकामे परिच्छेद. लोकांनी एंटर दोनदा दाबून अंतर पाडलेलं असतं. नव्या मांडणीत परिच्छेदांना स्वतःचं मार्जिन असतं, म्हणून ते अंतर दुप्पट दिसतं. ज्या परिच्छेदात नुसती न तुटणारी स्पेस आहे, तो सरळ गाळा.

इनलाइन स्टाइल (मजकुरातच लिहिलेली सजावट). वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात रंग, फॉन्ट आणि आकार प्रत्येक स्पॅनवर (मजकुराच्या तुकड्यावर) लिहिलेले असतात. रंग काळा म्हणून लिहिला असेल तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होतं, आणि मजकूर गायब झाल्याची तक्रार येते. स्टाइल ॲट्रिब्यूट पूर्ण काढून टाका. ठळक आणि तिरकं तेवढं टॅगच्या रूपात राहू द्या.

ठरावीक रुंदीचे तक्ते. यांच्यामुळे मोबाइलवर आख्खं पान आडवं सरकतं. तक्त्याला आडवा स्क्रोल असलेलं वेष्टन द्या. कीबोर्डनेही तो सरकवता यावा म्हणून वेष्टनाला टॅब-इंडेक्स शून्य द्या. मांडणी ग्रिडमध्ये असेल तर मधल्या रकान्याला 'मिनमॅक्स शून्य, एक एफआर' (रुंदी शून्यापासून उरलेल्या जागेएवढी) लिहा. नुसतं 'एक एफआर' लिहिलं तर ग्रिड आतल्या रुंद तक्त्यापेक्षा लहान व्हायला तयार होत नाही, आणि वेष्टन घालूनही पान फाटतं. यात भल्याभल्यांचे तास जातात.

हे सगळं करताना डेटाबेसमधल्या मूळ मजकुराला हात लावू नका. स्वच्छता रेंडर करताना (पान दाखवायला तयार करताना) करा आणि निकाल कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा. कोणते टॅग आणि ॲट्रिब्यूट चालतील त्याची यादी ठेवायची, यादीबाहेरचं सगळं गळतं. नियम चुकला तर तो दुरुस्त करून कॅश रिकामी करायची. मूळ मजकूर एकदा का बदलून बसलात, तर काय हरवलं ते लेखकाने ओरडल्यावरच कळतं.

आता मजकुराचा रकाना. १५ पिक्सेलच्या अक्षराला ८६० पिक्सेल रुंदी म्हणजे रोमन लिपीत ओळीला शंभराहून जास्त अक्षरं. डोळा पुढची ओळ शोधताना चुकतो. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत सर्वांत वरच्या पातळीवर ८० अक्षरांची मर्यादा सांगितली आहे, आणि छापील मजकुरात ४५ ते ७५ हा जुना अनुभवाचा आकडा आहे. १८ पिक्सेल अक्षर, ६४० ते ६८० पिक्सेल रकाना, लाइन-हाइट १.६ हे सुरुवातीला ठेवा. चित्रं आणि तक्ते रकान्याबाहेर ८०० ते ९०० पर्यंत गेले तरी चालतात, मजकूर नाही.

साइडबार काढाच. लेख वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या कडेला नोकऱ्यांची यादी हलत राहते, त्याचा लेखकाला उपयोग नाही आणि वाचकालाही नाही. शिफारशी लेख संपल्यावर द्या: आधी त्याच लेखकाचे दोन लेख, मग त्याच विषयावरचे तीन. लेखाच्या मध्ये कार्डं खुपसू नका.

लेखकाचं कार्ड मात्र दोन तुकड्यांत करा. शीर्षकाखाली एकच ओळ: ४० पिक्सेलचा फोटो, नाव, पद, तारीख आणि उजवीकडे 'फॉलो करा'. लेखाच्या शेवटी पूर्ण कार्ड. अशा साइटवर 'हे कोण सांगतंय' हा प्रश्न वाचकाला पहिल्या परिच्छेदाआधीच पडतो, म्हणून ओळख वर हवीच, पण तिने शीर्षकाच्या डोक्यावर बसू नये. 'संपर्क जोडा' वरून काढा. संपर्क दोघांच्या संमतीने होतो. लेख वाचायच्या आधीच ते बटण समोर आलं की लेखकाकडे अनोळखी विनंत्यांचा ढीग साचतो. ते शेवटच्या कार्डात ठेवा, सोबत दोन ओळी लिहिण्याची जागा द्या.

---

कानामात्रा

मराठी आणि हिंदी लेख आहेत म्हणता, तर वरचे आकडे जसेच्या तसे देवनागरीला लावू नका. टेम्प्लेट रोमन लिपीवर बेतून झाल्यावर देवनागरी 'चालतेय ना' एवढंच पाहिलं जातं, आणि मग मराठी लेख कायम सावत्र दिसतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक लेखाच्या कंटेनरवर भाषेचं लँग ॲट्रिब्यूट हवं: मराठीला एमआर, हिंदीला एचआय. साइटची बटणं इंग्रजीत असली तरी लेखाची भाषा वेगळी नोंदवायची. स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) त्यावरूनच आवाज निवडतो. शिवाय ज्या फॉन्टांत सोय आहे, तिथे मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळेच मिळतात. भाषा ओळखण्याचं काम एडिटरमध्ये करा आणि लेखकाला ती बदलू द्या. नुसत्या लिपीवरून मराठी की हिंदी हे ठरत नाही.

दुसरी, मोजमापं. त्याच पिक्सेल आकारात देवनागरी रोमनपेक्षा बारीक वाटते, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांनी उंची खाल्लेली असते. रोमन १८ असेल तर देवनागरी १९ किंवा २० ठेवा आणि लाइन-हाइट १.७ ते १.८. मथळ्यांना डिझाइनर १.१ देतात. तिथे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. १.३५ च्या खाली जाऊ नका. रकान्याची रुंदी 'सीएच' एककात देऊ नका. ते एकक शून्य या अंकाच्या रुंदीवर चालतं, देवनागरी अक्षरांशी त्याचा संबंध नाही. 'रेम'मध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत) द्या, आणि ओळीत साधारण १० ते १२ शब्द येताहेत का ते डोळ्यांनी मोजा.

तिसरी, अक्षरांतलं अंतर. मथळ्यांना आणि छोट्या लेबलांना लेटर-स्पेसिंग देण्याची पद्धत आहे. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मराठी-हिंदीसाठी ते शून्य करा. खोटं इटॅलिकही बंद करा. फॉन्टमध्ये तिरका प्रकार नसला की ब्राउझर अक्षरं नुसती कलती करतो. 'फॉन्ट-सिंथेसिस'मधून ते थांबवता येतं. अवतरणांना तिरकं करण्याऐवजी डावीकडे रेघ द्या. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचा मोहही टाळा, तिथेही शिरोरेघ तुटते.

चौथी गोष्ट फार कमी लोक तपासतात आणि तीच सर्वांत जास्त नासधूस करते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). जुन्या मजकुरात दुसरा प्रकार भरपूर आढळतो. आता तुमच्या सफाईच्या नियमात 'न दिसणारी कॅरेक्टर काढा' असं काही असेल, तर तो जॉइनर उडतो आणि र वर चढून रफार होतो. 'वाऱ्या'चं 'वार्या' होतं. लेखकाला वाटतं साइटने शुद्धलेखन बिघडवलं, आणि ते खरंच असतं. म्हणून यू-२००सी (झिरो-विड्थ नॉन-जॉइनर) आणि यू-२००डी (तोच जॉइनर) ही दोन कॅरेक्टर चालणाऱ्यांच्या यादीत ठेवा. शोधाच्या इंडेक्समध्ये मात्र दोन्ही रूपं एकाच रूपात आणा. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) ती एक होत नाहीत, बदलाचा नियम हाताने लिहावा लागतो.

पाचवी, वाचनाचा वेळ. 'पाच मिनिटांचं वाचन' दाखवणारा कोड शब्द मोजायला रेगेक्समधला (मजकूर शोधण्याच्या नमुन्यातला) 'बॅकस्लॅश डब्ल्यू' वापरत असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये त्याला देवनागरी अक्षरं दिसतच नाहीत. मराठी लेख शून्य शब्दांचा ठरतो. रिकाम्या जागांवर तोडून मोजा. तसंच यादीतल्या सारांशाला ठरावीक अक्षरांवर कापू नका. मात्रा मागे राहते किंवा शेवटी लोंबता हलन्त दिसतो. शब्दाच्या सीमेवर कापा. 'लाइन-क्लॅम्प'ने (ठरावीक ओळींनंतर मजकूर कापणाऱ्या नियमाने) कापत असाल तर लाइन-हाइट पुरेशी ठेवा, नाहीतर शेवटच्या ओळीचे उकार छाटले जातात.

फॉन्ट स्वतः होस्ट करून आकार कमी करताना सबसेटिंगच्या (नको असलेली अक्षरं गाळण्याच्या) साधनाला ओपनटाइपची सगळी लेआउट फीचर ठेवायला सांगा. ती गळली की जोडाक्षरं सुटी होतात.

---

वेगमोजणी

चित्रं आणि वेगाबद्दल, कारण नव्या मांडणीनंतर आकडे घसरले की दोष मांडणीवर येतो.

गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सची मर्यादा: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसायला हवा, स्पर्शाला किंवा क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, आणि मांडणी सरकण्याचा गुणांक ०.१ च्या आत. तिन्ही ७५ टक्के भेटींत साधायला हवेत. प्रतिसादाचा आयएनपी हा निकष मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या (पहिल्या स्पर्शाला होणाऱ्या उशिराच्या निकषाच्या) जागी आला, त्यामुळे त्याआधीचे अहवाल तुलनेला घेऊ नका.

मुख्य चित्राला लेझी लोडिंग (पडद्याजवळ आल्यावरच चित्र मागवणं) लावू नका. टेम्प्लेटमध्ये सगळ्या चित्रांना एकच नियम लावला की हे नकळत होतं, आणि पानावरचा सर्वांत मोठा घटकच उशिरा येतो. मुख्य चित्राला 'फेच-प्रायॉरिटी हाय', बाकीच्यांना लेझी. सोर्स-सेटमध्ये (एकाच चित्राच्या वेगवेगळ्या मापांच्या यादीत) ४८०, ७६८, १२०० आणि १६०० या रुंदी पुरतात, पण 'साइझेस' (चित्र किती रुंद दिसणार ते) नीट भरा. ते राहिलं तर ब्राउझर चित्र पूर्ण खिडकीएवढं धरतो आणि ६८० पिक्सेलच्या रकान्यासाठी १६०० चं चित्र ओढतो.

जुन्या लेखांतल्या चित्रांना विड्थ-हाइट लिहिलेली नसते. एकदा बॅच चालवून सगळ्या चित्रांची मापं काढा, वेगळ्या तक्त्यात साठवा आणि रेंडर करताना भरा. मांडणी सरकण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं. दुसरं कारण फॉन्ट बदलताना ओळी वरखाली होणं. पर्यायी फॉन्टला 'साइझ-ॲडजस्ट' देऊन तो मूळ फॉन्टच्या जवळ आणता येतो.

पत्त्यांबद्दल: दोन्ही कामं एकदम करू नका. शोधातून येणारे वाचक घटले तर मांडणीमुळे की पत्त्यांमुळे, हे कधीच सुटं करता येणार नाही. मांडणी स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवडे जाऊ द्या. पत्ता बदलताना क्रमांक काढू नका, शीर्षक-जोड-क्रमांक असा पत्ता करा. सर्व्हर लेख क्रमांकावरून शोधेल आणि शीर्षकाचा भाग जुळला नाही तर ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) बरोबर पत्त्यावर पाठवेल. मग लेखकाने शीर्षक कितीदा बदललं तरी जुन्या लिंका तुटत नाहीत. देवनागरी शीर्षकाचा पत्ता शेअर करताना प्रत्येक कॅरेक्टरचे तीन बाइट होतात आणि एन्कोड होऊन नऊ चिन्हं. म्हणजे ४० कॅरेक्टरांचं शीर्षक ३६० चिन्हांचं होतं. डेटाबेसच्या रकान्याची लांबी आणि सर्व्हरची मर्यादा आधी तपासा, किंवा पत्त्यात पहिले पाच-सहा शब्दच घ्या. पत्ता बनवणाऱ्या कोडमध्ये कानामात्रांनी सांगितलेला तोच रेगेक्स असेल तर मराठी लेखांचा पत्ता रिकामा निघेल, हेही पाहा.

जुने ३०१ किमान एक वर्ष ठेवावेत असं गूगल सांगतं. कायमचे ठेवणंच बरं, खर्च नगण्य आहे. रीडायरेक्टची साखळी मात्र होऊ देऊ नका.

आणखी एक: प्रतिक्रियांच्या थेट लिंका. पत्त्यातला हॅशनंतरचा (# नंतरचा) भाग सर्व्हरपर्यंत पोचत नाही, तो ब्राउझर सांभाळतो. म्हणून नव्या टेम्प्लेटमध्ये प्रतिक्रियांचे आयडी अक्षरशः तेच हवेत. प्रतिक्रिया स्क्रोल केल्यावर मागवत असाल, तर पत्त्यात प्रतिक्रियेचा हॅश असताना त्या लगेच मागवा, नाहीतर सूचनेवरून आलेला माणूस लेखाच्या सुरुवातीलाच अडकतो. वर चिकटलेली पट्टी ठेवणार असाल तर 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' तिच्या उंचीएवढं द्या. एरवी मथळा किंवा प्रतिक्रिया पट्टीखाली दडते.

---

मधलारकाना

सगळ्यांचे आभार. रेंडर करताना सफाई आणि पत्ते नंतर, हे दोन्ही मान्य. दोन उपप्रश्न:

लेखकाने तीन वर्षांपूर्वी लेख लिहिला तेव्हा तो एका कंपनीत होता, आता दुसरीकडे आहे. शीर्षकाखालच्या ओळीत कोणतं पद दाखवायचं? आणि नवी मांडणी किती जणांना, किती दिवस दाखवून निर्णय घ्यावा?

---

पानसजावट

आत्ताचं पद दाखवा, पण तारीख त्याच ओळीत आणि फिकट न करता. जुनं पद गोठवून ठेवलं तर लेखकाने सोडलेल्या कंपनीचं नाव त्याच्यामागे फिरत राहतं. नुसतं नवं पद दाखवलं आणि तारीख लपवली, तर 'आमच्या कंपनीत आम्ही असं करतो' हे वाक्य भलत्याच कंपनीला चिकटतं. तेव्हाचं पद साठवून ठेवा आणि लेखकाच्या परवानगीने शेवटच्या कार्डात 'हा लेख लिहिताना' अशा ओळीत दाखवा. प्रकाशनाची आणि शेवटच्या बदलाची तारीख वेगळ्या लिहा. नुसती एखादी चुकीची लिंक सुधारली तर 'बदलला' म्हणू नका.

---

हिशोबवही

पानसजावटींशी एका बाबतीत असहमत आहे. वरच्या ओळीतलं 'फॉलो करा' मोबाइलवर काढावं. ३६० पिक्सेलमध्ये फोटो, नाव, पद, तारीख आणि बटण बसवताना पदच छाटलं जातं, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं. बटण शेवटच्या कार्डात पुरेसं आहे. ठेवायचंच असेल तर पदाला दोन ओळी द्या.

चाचणीबद्दल. जुनी मांडणी कोणाला आणि नवी कोणाला ही वाटणी सभासदाच्या क्रमांकावरून करा, पानाच्या भेटीवरून नको. एकाच माणसाला एक लेख जुन्या रूपात आणि दुसरा नव्यात दिसला तर आकड्यांना अर्थ उरत नाही. लॉगिन न केलेल्यांसाठी कुकी वापरा आणि त्यांचा हिशोब वेगळा ठेवा. त्यांचं वागणं वेगळंच असतं. पहिले तीन-चार दिवस ५ टक्के, फक्त काही फुटत नाही ना हे बघायला. मग निम्मे-निम्मे, किमान दोन पूर्ण आठवडे. व्यावसायिक साइटवर कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस यांत मोठा फरक पडतो, म्हणून अर्धवट आठवडा धरू नका. पहिल्या आठवड्यातली नाराजी बरीचशी सवय मोडल्याची असते.

स्क्रोलची टक्केवारी मोजताना सर्वाधिक चूक होते. रकाना अरुंद केला आणि शिफारशी खाली नेल्या, म्हणजे पान लांब झालं. पूर्ण पानाच्या ५० टक्क्यांवर पोचणारे कमी दिसतील, वाचन घटलं नसतानाही. मोजणी लेखाच्या मजकुराच्या घटकापुरती करा: शेवटचा परिच्छेद पडद्यावर आला का, आणि तोवर गेलेला वेळ शब्दसंख्येशी सुसंगत आहे का. त्याखेरीज शंभर पूर्ण वाचनांमागे किती फॉलो आणि किती प्रतिक्रिया, एवढे दोन आकडे पुरतात.

लेखकांना दिसणारा वाचनांचा आकडा या काळात ज्या पद्धतीने मोजला जातो, ती पद्धत बदलू नका. मांडणी आणि मोजणी एकाच दिवशी बदलली की लेखकांना वाटतं साइटने आपला लेख दाबला.

वेगाचे गूगलकडचे प्रत्यक्ष वापराचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, त्यामुळे बदल हळूहळू दिसतो. स्वतःची मोजणी टेम्प्लेटवार लावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कळेल.

लॉगिन न केलेल्या वाचकाला पूर्ण पडदा झाकणारी खिडकी दाखवू नका. मोबाइलवर अशा खिडक्यांमुळे शोधातलं स्थान खाली जाऊ शकतं, हे धोरण जानेवारी २०१७ पासूनचं आहे. लेखाच्या शेवटी नोंदणीची पट्टी ठेवा.

---

वेगमोजणी

राहिलेलं थोडं. लेख शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचं माप १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा आणि महत्त्वाचा मजकूर कडांना टेकवू नका. मुख्य चित्र उभं असेल तर आपोआप कापताना माणसांची डोकी उडतात, म्हणून लेखकाला एडिटरमध्येच तो चौकोन सरकवू द्या. चित्र बदललं तरी दुसऱ्या साइटांवर जुनंच दिसत राहतं, कारण त्या ते साठवून ठेवतात. लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पत्ता टाकला की ते ताजं होतं. स्वतःच्या बाजूने चित्राच्या फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांकही घाला.

सभासदांनी लेखात दिलेल्या बाहेरच्या लिंकांना आरईएल यूजीसी (ही लिंक सभासदाने दिली आहे, अशी शोधयंत्रांसाठीची खूण) लावा. ते नसेल तर नव्या, स्वच्छ पानांवर पहिली गर्दी लिंका पेरणाऱ्यांची होईल.